कोपऱ्यावरची कैफियत

इंदापूर तालुक्यातील कळस हे गाव फुटबॉलसाठी प्रसिद्ध आहे, असे म्हणण्याचे धाडस गावचा कडवा अभिमानीही करणार नाही. ऊस, ज्वारी आणि डाळिंब यांची शेती, जत्रेतला कुस्त्यांचा फड, शाळेच्या आवारातली कबड्डी आणि मोकळ्या रानातले क्रिकेट एवढ्यात आमच्या मुलखाचा सारा क्रीडाव्यवहार आटोपतो. परंतु खिशात मावणाऱ्या पडद्याने जगातील यच्चयावत क्रीडांगणे आमच्या पारावर आणून सोडल्यापासून, शनिवार-रविवारच्या रात्री, उसाला पाणी देण्याची पाळी असो वा नसो, चार-पाच तरुण मुले एका मोबाईलभोवती डोकी जुळवून विलायती संघांचे सामने पाहताना दिसतात. आणि त्या संघांची गावे नकाशावर दाखवता येवोत न येवोत, त्यांच्या जयापजयाचा हर्षविषाद मात्र ती घरच्यासारखा भोगतात. एका रात्री मीही त्या मंडळीत जाऊन बसलो. अर्ध्या तासात त्यांच्या संघाला चार कॉर्नर मिळाले, आणि चारही वेळा कोपऱ्यातून उडालेला चेंडू, गोलासमोर ताटकळलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्याआधीच, प्रतिपक्षाच्या पहिल्याच खेळाडूला लागून परत आला. चौथ्या वेळी एकाने मोबाईल पालथा घातला. "आरं, पयल्याच गड्याच्या नडगीवर हाणतोय! ह्याला पगार कशाचा देत्यात?" दुसरा माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुमच्या कोल्हापुरात असं करणाऱ्याला काय म्हणत्यात?"

कोल्हापुरात काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही. माझ्या विद्यार्थिदशेतील काही वर्षे त्या शहरात गेली, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतो. महाराष्ट्रातील बाकीची शहरे क्रिकेटच्या अंमलाखाली गेली असताना कोल्हापूर मात्र फुटबॉलशी एकनिष्ठ राहिले, आणि तेही मोठ्या विलक्षण रीतीने: तेथील नामांकित संघ हे मुळात तालमींचे संघ आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे वाचून परगावच्या माणसाला लाल मातीतल्या कुस्त्या आठवतात. परंतु मोसमात हीच मंडळे, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आदी संघांसह, राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमवर एकमेकांसमोर उभी ठाकतात, आणि पेठापेठांतील जुना मान-अपमान नव्वद मिनिटांच्या मुदतीत निकालात काढू पाहतात. त्या प्रेक्षकसमुदायात बसले असता एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. पंचाने हाताने कोपरा दाखवला की सारा समुदाय एकदम उठून उभा राही, शिट्ट्या वाजत, जणू गोल झालाच आणि आता केवळ दप्तरी नोंद राहिली. आणि पुढील अर्ध्या मिनिटात बहुधा काहीच न घडता चेंडू मध्यरेषेकडे गेला की तोच समुदाय, ठेवीची पावती घेऊन गेलेल्या माणसाला पेढी बंद झाल्याचे कळावे तसा, संतापून खाली बसे. कळसच्या पारावरची फिर्याद आणि शाहू स्टेडियमवरची फिर्याद एकच आहे. तिच्यात तथ्य किती, हे कागदपत्रे तपासूनच ठरवले पाहिजे.

पहिला कागद अर्थातच हक्काच्या उगमाचा. कॉर्नर ही फुटबॉलच्या जन्माबरोबर आलेली गोष्ट नव्हे. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली प्रथम नियम केले तेव्हा त्यांत तिला जागा नव्हती; ती उद्भवली शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात, तेथील स्थानिक नियमावलीत, आणि लंडनकरांनी ती १८७२ मध्ये आपल्या नियमांत दाखल करून घेतली. बचाव करणाऱ्या संघाचा हात अथवा पाय लागून चेंडू त्याच्याच गोलरेषेबाहेर गेला, तर आक्रमकांना कोपऱ्यातून, एक यार्ड त्रिज्येच्या चतुर्थांश वर्तुळात चेंडू ठेवून, तो मारण्याचा अधिकार मिळतो, आणि प्रतिपक्षाच्या कोणालाही त्या वर्तुळापासून ९.१५ मीटरच्या आत फिरकता येत नाही. याहून मोठी सवलत अशी की, कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईडचा नियम लागू नाही. म्हणजे ज्या नियमाने एरवी आक्रमकांचे निम्मे मनसुबे कापले जातात, तो येथे तहकूब ठेवलेला असतो. प्रेक्षकाच्या मनात आशा उत्पन्न होण्यास एवढे कारण पुरेसे आहे. हातात चेंडू नव्हे तर जणू सनदच आली.

ही सनद आरंभी अपुरी होती, कारण कॉर्नरवरून चेंडू कोणालाही न लागता थेट जाळ्यात गेला तर तो गोल धरला जात नसे. १९२४ साली नियम बदलला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ब्यूनोस आयरेस येथे अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारी याने उरुग्वेविरुद्ध तसा गोल करून दाखवला. उरुग्वेचा संघ नुकताच पॅरिस ऑलिंपिकमधील सुवर्णपदक घेऊन आलेला असल्यामुळे, अर्जेंटिनाच्या लोकांनी शेजाऱ्याला टोमणा म्हणून त्या गोलाला 'ऑलिंपिक गोल' असे नाव दिले, आणि ते नाव आजतागायत चालते. पुरुषांच्या विश्वचषकाच्या इतिहासात असा गोल एकदाच झाला आहे: १९६२ साली चिलीमध्ये कोलंबियाच्या मार्कोस कोल याने तो केला, आणि त्यावेळी समोरच्या गोलात उभा होता सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन, ज्याला पुष्कळ जाणकार सर्वश्रेष्ठ गोलरक्षक मानतात. मुलांनी स्वप्ने पाहावीत ती अशा गोष्टींची. पण स्वप्नावर कर्ज काढू नये.

कारण दुसरा कागद हिशेबाचा आहे, आणि तो फिर्यादीच्या सपशेल विरुद्ध जातो. क्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली या दोन अभ्यासकांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २०१०-११ च्या मोसमातील १३४ सामने घेऊन त्यांतील १,४३४ कॉर्नर एकेक करून तपासले. पाचांपैकी साधारण एकाच कॉर्नरवरून गोलाच्या दिशेने फटका मारला गेला. आणि अशा नऊ फटक्यांपैकी एकच जाळ्यात गेला. दोन्ही प्रमाणे गुणली की निष्कर्ष निघतो तो असा की शंभर कॉर्नरमागे दोन गोल, किंचित अधिक. एका संघाला सामन्यात सरासरी पाच-सहा कॉर्नर मिळतात हे लक्षात घेतले, तर कॉर्नरवरून गोल पाहण्यासाठी त्या संघाच्या चाहत्याने आठ-दहा सामने धीर धरला पाहिजे. अलीकडे, या कामासाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्याची रीत पडल्यापासून, चांगल्या संघांचे प्रमाण याहून सुधारले आहे; तरीही तीस कॉर्नरमागे एक गोल करणाऱ्या संघाला लोक कसबी समजतात. थोडक्यात, शाहू स्टेडियमवर उठून उभे राहणारे आम्ही सारे ज्याला गोलाची हुंडी समजत होतो, ती प्रत्यक्षात लॉटरीची चिठ्ठी होती. वास्तविक या आकड्यांनी वाद संपायला हवा होता. मी तेच त्या मुलांना सांगितले. त्यांतला एक, जो बारामतीच्या कॉलेजात जातो आणि म्हणून मला उलट उत्तर देण्याचा परवाना आपल्याजवळ आहे असे समजतो, तो म्हणाला, "आबा, गोल होत न्हाई ह्याचा राग न्हाई. बॉल आपल्या माणसापत्तूर पोचतच न्हाई, त्याचा राग हाय."

हे उत्तर मला निरुत्तर करून गेले, कारण त्याने फिर्यादीचे कलमच बदलून टाकले होते. गोल न होणे हा दैवाचा भाग असेल; चेंडू पहिल्या माणसालाही न ओलांडणे हा दैवाचा भाग कसा? आमच्या इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडे जमिनी असलेल्या शेतकऱ्यांना या भेदाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. पाऊस कमी झाला, धरणात पाणी नाही, म्हणून आवर्तन चुकले तर माणूस आभाळाकडे पाहतो आणि गप्प बसतो. परंतु कालव्याला पाणी सुटूनही ते वरच्या चारीलाच मुरले आणि टेलला कोरडा पाट राहिला, तर तो दरखास्त लिहायला बसतो. कोपऱ्यातून सुटलेला चेंडू जवळच्या खांबापाशी उभ्या असलेल्या पहिल्या गड्याने अडवला, की पलीकडे धावत आलेल्या पाच जणांच्या वाट्याला नेमका हाच कोरडा पाट येतो.

आता हे घडते का, आणि एवढ्या वारंवार का घडते, याचा विचार करताना प्रथम भूमिती पाहावी. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या मैदानाची रुंदी सामान्यतः ६८ मीटर, गोलाची रुंदी ७.३२ मीटर, तेव्हा कोपऱ्यापासून जवळच्या खांबापर्यंतचे अंतर तीस मीटरांहून किंचित जास्त भरते. एवढ्या अंतरावर रोख केवळ एका अंशाने चुकला तरी चेंडू अर्धा मीटर इकडेतिकडे जातो. त्या वाटेवर, गोलक्षेत्राच्या अलीकडच्या कडेला, बचाव करणारा संघ आपला एक उंच खेळाडू मुद्दाम उभा करतो, ज्याला दुसरे काही काम नसते. उडी मारल्यावर त्याचे मस्तक जमिनीपासून अडीच मीटरांच्या आसपास जाते. चेंडू त्याच्या मस्तकावरून गेला पाहिजे हे उघड आहे. परंतु तो फार वरून गेला तर हवेत जास्त वेळ तरंगतो, आणि त्या अवधीत गोलरक्षक, ज्याला एकट्यालाच हात वापरण्याची मुभा आहे, गर्दीतून वाट काढून तो अलगद झेलतो. म्हणून उत्तम कॉर्नर कोणता, तर जो पहिल्या गड्याच्या केसांना वारा लागेल इतक्याच उंचीवरून वेगाने जातो आणि पुढच्या पाच-सात मीटरांत आपल्या धावत्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर उतरतो. कोपऱ्यातून निघून तेथवर पोहोचायला त्याला दीड-दोन सेकंद लागतात. या वर्णनावरून चतुर वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की, सर्वोत्तम कॉर्नर आणि सर्वांत टाकाऊ कॉर्नर यांच्यामध्ये वीतभराचेच अंतर आहे. क्रिकेटच्या परिभाषेत सांगायचे तर, यॉर्कर टाकू जाणाऱ्याचाच फुलटॉस पडतो. जो आखूडच टाकतो त्याच्या हातून हा अपराध घडत नाही, आणि त्याला बळीही मिळत नाहीत. पहिल्या गड्याला लागलेला प्रत्येक चेंडू हा निष्काळजीपणाचा पुरावा मानता येत नाही तो यामुळेच.

चेंडूला वळण देण्याचे शास्त्रही येथेच सांगून टाकतो. चेंडूच्या बरोबर मध्यावर न मारता किंचित कडेला मारले की तो स्वतःभोवती फिरू लागतो. फिरणारा चेंडू आपल्यालगतची हवा एका बाजूला लोटतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. याला जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याच्या नावाने ओळखतात, जरी न्यूटनने टेनिसच्या चेंडूचे असे वळणे सतराव्या शतकातच टिपून ठेवले होते. आपल्याकडे 'स्विंग' हा शब्द ऐकला की वेगवान गोलंदाज आठवतो. परंतु त्याचा स्विंग चेंडूच्या शिवणीमुळे आणि एका बाजूच्या चकाकीमुळे होतो, आणि फुटबॉलचे वळणे त्याऐवजी फिरकी गोलंदाजाच्या चेंडूच्या हवेतल्या वाहण्याशी नाते सांगते. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू गोलाकडे वळतो, उजव्या कोपऱ्यातून मारलेला गोलापासून दूर. पहिल्या प्रकारात बचाव करणाऱ्याच्या नुसत्या स्पर्शानेही स्वतःच्याच गोलात चेंडू जाण्याची धास्ती असते. दुसऱ्यात धावत येणाऱ्याला चेंडू समोरून भेटतो, त्यामुळे हेडला जोर येतो. कोणता अधिक चांगला, याबद्दल शिक्षकाशिक्षकांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

पण चेंडू कितीही सुरेख आला तरी तो घ्यायला कोणी तरी तेथे पोहोचलेला हवा, आणि प्रेक्षकांच्या रागाचा सारा रोख मारणाऱ्यावर असल्यामुळे फिर्यादीत हा दुसरा प्रतिवादी नेहमी सुटून जातो. कॉर्नरच्या वेळी गोलासमोर जे चालते ते पाहताना कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉलकडे वळणे मला मुळीच विसंगत वाटत नाही. तेथे पकडी आहेत, रेटारेटी आहे, सदरा ओढणे आहे, आणि पंच दुसरीकडे पाहत असेल तर एखादा साधा डावही आहे. आपला म्होरक्या मोकळा सुटावा म्हणून त्याच्या पाठलागावर असलेल्याच्या वाटेत दुसऱ्या कोणी सहज आल्यासारखे उभे राहायचे, तिसऱ्याने जवळच्या खांबाकडे हूल देऊन दोघांना ओढून न्यायचे, चौथ्याने गोलरक्षकासमोर नुसते अडथळ्यासारखे राहायचे: ही सारी योजना आधी पाठ केलेली असते. प्रतिपक्षही काही ठिकाणी माणसाला माणूस लावतो, काही ठिकाणी जागा वाटून घेतो, आणि बहुधा दोन्हींची खिचडी करतो. चेंडू नेमक्या जागी पडला आणि तेथे कोणीच नव्हते, तर प्रेक्षक म्हणतो, 'कुणाला दिला?' तो ज्याला दिला होता तो बिचारा दोन मीटर अलीकडे कोणाच्या तरी मिठीत असतो.

या बाबतीत एका मराठी खेळाडूचे उदाहरण देण्यावाचून मला राहवत नाही. मुंबईचा राहुल भेके हा बचावपटू. गोल करणे हा त्याचा व्यवसाय नव्हे. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळुरू आणि एफसी गोवा यांच्यात झाला. निर्धारित वेळ गोलशून्य गेली, जादा वेळेत गोव्याचा मोरोक्कन मध्यरक्षक अहमद जाहू याला बाहेर काढण्यात आले, आणि ११७ व्या मिनिटाला दिमास देलगादो याने मारलेल्या कॉर्नरवर भेकेने हेड मारून बेंगळुरूला करंडक मिळवून दिला. गोव्याहून आलेल्या पाठीराख्यांना त्या रात्री काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. शंभरात दोनच गोल होतात हे गणित त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले नसते. तीन वर्षांनी, ११ एप्रिल २०२२ ला, रियाध येथे मुंबई सिटी एफसीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. विजयी गोल कॉर्नरवरून, भेकेच्या डोक्याने. आणि कॉर्नर मारणारा कोण? तोच अहमद जाहू, जो मध्यंतरी मुंबईकर झाला होता. पुढे २०२४ मध्ये, ज्या सबंध वर्षात भारताला एकही आंतरराष्ट्रीय विजय मिळाला नाही, मलेशियाविरुद्ध हैदराबादला १-१ अशी बरोबरी साधली गेली ती गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर भेकेने मारलेल्या हेडने. आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० असा विजय मिळाला, त्यातील पहिला गोलही याच दोघांचा. गोमंतकीयाने कोपऱ्यातून द्यावा आणि मुंबईकराने कपाळावर घ्यावा, हा परिपाठ एवढा जमला, याला केवळ दैव म्हणणे मला मान्य नाही.

भारतीय फुटबॉलचा याहून मोठा कॉर्नर मात्र ९ ऑक्टोबर २०१७ चा. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात भरला होता. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता, आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे कोल्हापुरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. दिल्लीला कोलंबियाविरुद्ध आपण एका गोलाने मागे होतो. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला, मणिपूरच्या जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन हेड मारला, आणि फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत, कोणत्याही वयोगटात, भारतीय पुरुष फुटबॉलपटूने केलेला पहिला गोल नोंदला गेला. देशभर ज्यांनी तो पाहिला त्यांच्यापैकी कितीजण अजून उड्या मारत असतानाच कोलंबियाने पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल केला. सामना २-१ असा गेला. त्या स्पर्धेत आपण नऊ गोल खाल्ले आणि एकच केला, तो हा.

आनंदाच्या भरात पाठीमागचे दार उघडे राहणे हा कॉर्नरचा जुना धोका आहे. उंच उंच बचावपटूंना हेडसाठी पुढे पाठवायचे म्हणजे आपल्या गोलाचा बंदोबस्त दोघा-तिघांवर सोपवायचा. २ जुलै २०१८ रोजी रशियात, विश्वचषकाच्या सामन्यात, दोन गोलांनी आघाडीवर असलेल्या जपानला बेल्जियमने २-२ असे गाठले होते. जादा दिलेल्या मिनिटांतील चौथे चालू असताना जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने मारलेला चेंडू बेल्जियमच्या गोलरक्षक कुर्त्वाने अलगद झेलला, डी ब्रॉयनाच्या पुढ्यात टाकला, आणि दहाएक सेकंदांत मैदानाची सारी लांबी कापून शादलीने तो जपानच्या जाळ्यात घातला. जपान घरी गेले. आपल्या संघाने कॉर्नर जवळच्याच गड्याकडे, दोन पावलांवर, सोपवून खेळला की जे प्रेक्षक 'अरे, आत टाक ना!' म्हणून ओरडतात, त्यांना हा सामना पुन्हा दाखवावा असे मला नेहमी वाटते. छोटा कॉर्नर हा भित्रेपणा असतोच असे नाही. तो पुष्कळदा जमाखर्च पाहून घेतलेला निर्णय असतो. अर्थात तो घेऊन चेंडू शेवटी आपल्याच गोलरक्षकापर्यंत मागे नेणाऱ्या संघाची वकिली मीही करणार नाही.

मग पारावरच्या फिर्यादीचे काय? माझे मत असे की, ती गोलाच्या मुद्द्यावर फेटाळावी आणि कसबाच्या मुद्द्यावर दाखल करून घ्यावी. गोल येणे-न येणे बावीस जणांच्या रेटारेटीवर अवलंबून आहे. परंतु चेंडू पहिल्या माणसावरून नेणे हे एकट्या माणसाचे, थांबलेल्या चेंडूवरचे, कोणी अंगावर येत नसताना करावयाचे काम आहे. फुटबॉलमध्ये अशी निवांत कामे पेनल्टी वगळता फार थोडी. चारांतला एखादा चेंडू पहिल्या गड्याने अडवला तर तो यॉर्करचा फुलटॉस. चारही अडवले तर तो सरावाचा अभाव, आणि पैसे मोजून रात्र जागवणाऱ्याला त्याबद्दल बोलण्याचा अधिकार आहे. याची साक्ष खुद्द त्या खेळाच्या कारभाऱ्यांनीच दिली आहे. आर्सेनलसारख्या श्रीमंत क्लबाने निकोला जोव्हे या फ्रेंच गृहस्थाला केवळ अशा थांबलेल्या चेंडूंच्या योजना बसवण्यासाठी नोकरीस ठेवले, आणि कॉर्नर हे त्या संघाचे भयावह हत्यार बनले. लिव्हरपूल क्लबाच्या मदतीने डीपमाइंड या संस्थेने ७,१७६ कॉर्नरांच्या नोंदींवर एक संगणकीय योजक शिकवून तयार केला आणि २०२४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कोणाला कोठे उभे करावे याबद्दलच्या त्याच्या सूचना, क्लबाच्या जाणत्या माणसांनी पाहिल्या तेव्हा, दहांपैकी नऊ वेळा मूळ मांडणीपेक्षा पसंत केल्या. दैवाधीन गोष्टीसाठी कोणी असा पगार देत नाही आणि असा खटाटोपही करत नाही.

हे सारे मी त्या मुलांना एका बैठकीत सांगितले असे कोणी समजू नये. तीन रविवार लागले, आणि मधल्या एका रविवारी वीज नव्हती. शेवटच्या दिवशी बारामतीवाल्याने विचारले की, नियम करणाऱ्यांना तरी या कॉर्नरची किंमत किती वाटते. प्रश्न चांगला होता, आणि योगायोगाने त्याचे उत्तर ताजे आहे. गोलरक्षकाने चेंडू हातात धरून वेळ काढला तर पूर्वी प्रतिपक्षाला गोलासमोरच अप्रत्यक्ष फ्री किक मिळे. ती शिक्षा इतकी जबर होती की पंच ती सहसा देतच नसत, आणि गोलरक्षक खुशाल वेळ काढत. म्हणून कायदे करणाऱ्या मंडळाने शिक्षा सौम्य केली. २०२५-२६ च्या मोसमापासून गोलरक्षकाला चेंडू आठच सेकंद धरता येतो; त्यांतले शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, आणि तरीही चेंडू सुटला नाही तर कोपऱ्याकडे बोट करतो. दंड किती? एक कॉर्नर.